डोक्यात पाण्याची पिशवी, हातात हँडल

माझ्या डोक्यात, डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, पाण्याची एक पिशवी आहे. आईच्या पोटात असल्यापासून ती माझ्याबरोबर आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या कडेला रक्त साचलं आणि कवटीला दोन भोकं पाडून ते काढावं लागलं. पिशवीला मात्र कोणी हात लावला नाही. ती आहे तिथेच आहे.

हे लिहायचं कारण सांगते. रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी मी मोबाइलवर शोधत बसले. जे सापडलं ते एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं होतं, नाही तर घाबरवून सोडणारं. आपल्यासारख्या एखाद्या बाईने ‘मला असं झालं, मग असं केलं, आता मी अशी आहे’ एवढं सरळ सांगितलेलं कुठेच दिसलं नाही. म्हटलं, मग आपणच सांगू.

मी पडले

माझं नाव रेखा. धुळ्यात राहते. बायकांना स्कूटर शिकवते. सकाळी देवपुरातल्या एका मोकळ्या मैदानावर माझा क्लास असतो. शिक्षिका, नर्सबाई, सुना, सासवा, कोणीही येतं. वय विचारत नाही. फक्त एक सांगते, रडायचं असेल तर गाडीवरून उतरून रडा.

नसरीन आपा माझ्याकडे आल्या तेव्हा चाळिशीच्या पुढे होत्या. घरी शाळेचे गणवेश शिवतात. शिवलेले गठ्ठे दुकानात पोचवायला दर वेळी मुलाच्या नाही तर दिराच्या पाया पडावं लागतं, याचा त्यांना वीट आला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्यांच्या मागे बसले होते. त्यांनी ब्रेकऐवजी रेस पिळली. गाडी पुढे पळाली आणि मी मागच्या मागे दगडावर आपटले. हेल्मेट नव्हतं. मैदानावर कोण घालतं?

टेंगूळ आलं, थोडी चक्कर आली. मी उठून कपडे झटकले. आपा मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

“मॅडम, चला दवाखान्यात.”

“काही नाही झालं आपा, बसा गाडीवर.”

“मी बसते गाडीवर, पण आधी तुम्ही दवाखान्यात.”

त्या हटल्याच नाहीत. रिक्षा बोलावली आणि मला आत ढकललं. आज मी हे लिहायला शिल्लक आहे, त्यात त्या ढकलण्याचा मोठा वाटा आहे.

रिपोर्ट

सिटी स्कॅन झाला. माझे पती दिलीप पोहोचले होते. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हाताला वार्निशचा वास तसाच घेऊन ते आले होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.

“रक्तस्राव नाही. मार लागलाय तो वरवरचा. पण हे बघा.”

डाव्या बाजूला एक काळा डाग होता, लिंबाएवढा.

“गाठ?” दिलीप म्हणाले.

“गाठ नाही. कॅन्सर नाही. मेंदूवरच्या पातळ पडद्यात पाणी साचलेली पिशवी आहे. जन्मापासूनची. अनेक जणांना असते, आणि म्हातारे होऊन मरेपर्यंत त्यांना पत्ताही लागत नाही.”

“मग काढायची?”

“त्रास देत नसेल तर कशाला काढायची? फक्त एक लक्षात ठेवा. हिच्यावरून बारीक शिरा ताणलेल्या असतात. डोक्याला मार लागला तर इतरांपेक्षा तुमच्या डोक्यात रक्त साचायची भीती थोडी जास्त. तेही लगेच होईलच असं नाही. काही आठवड्यांनीही होतं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, खूप झोप यायला लागली, हातपाय किंवा बोलणं जड झालं, तर वाट बघायची नाही. सरळ यायचं.”

मी विचारलं, “आणि गाडी?”

डॉक्टर हसले. “दोन आठवडे आराम करा. मग बघू. आणि हेल्मेट.”

घरी येईपर्यंत पिशवीची गाठ झाली होती, आणि संध्याकाळपर्यंत गाठीचा ट्यूमर. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, ओट्यावर कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

“माय वं! डोकामा पानी कसं ऱ्हास?”

“अक्का, तुमच्या गुडघ्यात पाणी झालं होतं ना? तसंच.”

“गुडघा येगळा, डोकं येगळं,” अक्का म्हणाल्या. बरोबरच होतं ते.

ऊन लागलं

दोन आठवडे मी सांगितल्याप्रमाणे काढले. मग मैदानावर गेले, पण गाडीवर न बसता. उभी राहून शिकवायचं, ओरडायचं, एवढंच. तोवर मे महिना लागला होता. धुळ्याचा मे ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. सकाळी आठला डांबर मऊ व्हायला लागतं.

डोकं दुखायला लागलं ते सकाळी उठल्या उठल्या. नंतर दिवसभर. एकदा चहा ओकून पडला.

“ऊन लागनं तुले,” अक्का म्हणाल्या. कांदा फोडून त्यांनी माझ्या तळपायांना चोळला. मीठ-मोहरीने दृष्ट काढली. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दिलीप म्हणाले, “मैदानावर जायचं बंद कर, आपोआप थांबेल.” मजा बघा. ज्या लोकांनी दोन आठवडे मला पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता, त्यांनाच आता सगळं उन्हाने झालंय असं वाटत होतं. घाबरून घाबरून माणूस दमतो. मग सोपं उत्तर मिळालं की त्यावर विश्वास ठेवतो. त्यांना दोष देत नाही मी. मलाही ऊनच हवं होतं.

पण हातातून वाटी निसटायला लागली. उजव्या हातातून. पदराला पिन लावताना पिन सापडेना.

मग ती सकाळ. नसरीन आपा एकट्या गाडीवर होत्या. तोल छान जमला होता. वळण मात्र हुकलं आणि त्या सरळ मैदानाच्या भिंतीकडे निघाल्या. मला ओरडायचं होतं, ब्रेक. दिवसातून शंभर वेळा ओरडते तो शब्द. तोंड उघडलं आणि शब्दच नाही. शब्द असतो ती जागाच रिकामी. आणि मी ओरडले, “दार! दार! दार!”

आपांनी भिंतीच्या अलीकडे गाडी काट्यात घातली. हाताला खरचटलं, बाकी काही नाही. ओढणी सोडवत त्या माझ्याकडे आल्या.

“मॅडम, दार काय ओरडत होत्या तुम्ही?”

मी सांगायला गेले आणि पुन्हा दारच म्हणाले.

आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. ऑपरेशनच्या टेबलावरही नाही. मार लागला, रक्त आलं, हे कळतं तरी. इथे मी आतून घसरत होते आणि बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं होतं.

दिलीप आले. म्हणाले, “आधी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवू, गोळ्या बदलून देतील.” मी त्यांचा शर्ट धरला. शब्द जुळत नव्हते, पण एक वाक्य जुळवलं. “फोटो. डोक्याचा. आत्ता.” ते काहीतरी म्हणत होते. मी शर्ट सोडला नाही. बटण तुटलं तरी सोडला नाही.

पारोळ्याचा फाटा

फोटोत मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला दिसत होता. पिशवीच्या कडेने रक्त साचलं होतं, हळूहळू, कित्येक दिवस. लगेच ऑपरेशन करावं लागणार होतं. आमचे मेंदूचे डॉक्टर नेमके बाहेरगावी होते, म्हणून जळगावला जायचं ठरलं. अँब्युलन्स निघाली.

वाटेत पारोळा लागतं, माझं माहेर. फाट्यावर आई उभी होती. हातात पिशवी, पायात चपला वेगवेगळ्या जोडांतल्या. गाडी थांबली, ती चढली आणि माझा हात हातात घेऊन बसली. जळगाव येईपर्यंत तिचा अंगठा माझ्या मनगटावर फिरत होता. मला आजारात मिळालेल्या चांगल्या गोष्टींची यादी कोणी विचारली तर पहिली हीच सांगेन. ती रडली नाही.

दिलीप समोर ड्रायव्हरशेजारी बसले होते. एकदाही मागे वळले नाहीत. तेव्हा मला राग आला होता.

केस

ऑपरेशनच्या आधी एक सिस्टर वस्तरा घेऊन आली. म्हणाली, “ताई, एका बाजूचेच काढते. बाकीचे वरून घेतले की झाकलं जाईल.”

माझे केस कमरेपर्यंत होते. मी हाताने खूण केली, पूर्ण काढा.

“मुलीच्या जातीला...” आई पहिल्यांदा बोलली.

मी परत तीच खूण केली. अर्धं डोकं झाकत, पदर सारखा करत, आरशासमोर उभं राहायचं नव्हतं मला. जे झालंय ते झालंय. दिसू दे.

सिस्टरने केस कागदात गुंडाळून आईला दिले. मग माझ्या टकलावर तळहात ठेवून म्हणाली, “डोकं छान गोल आहे हो तुमचं.” त्या खोलीत मी हसले. भूल देण्याआधीची माझी शेवटची आठवण ती आहे.

नाव काय, गाव कोणतं

शुद्धीवर आले ती आयसीयूत. डोक्यातून एक नळी निघून बाटलीत जात होती आणि बाटलीत काळपट, जुन्या इंजिन ऑइलसारखं काहीतरी जमत होतं. ते माझ्या डोक्यात होतं यावर विश्वास बसेना.

तिथला दिनक्रम सांगते, कारण कोणी आधी सांगत नाही. सपाट झोपायचं. उशी नाही. थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी डोळ्यांवर बॅटरी मारतं. हात दाबा, पाय उचला. नाव काय, गाव कोणतं, हे कोण? हे विचारताना दिलीपकडे बोट. मग खिशातली वस्तू दाखवायची आणि विचारायचं, हे काय?

पहिल्या दिवशी पेनाला मी चावी म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेनाला पेन म्हणाले आणि घड्याळाला वर्तमानपत्र. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना स्वतःचं नावही येत नव्हतं. त्यांचा मुलगा पुन्हा पुन्हा विचारायचा, “आबा, मी कोण?” आबा नुसते बघायचे. मधला पडदा ओढून घेतला तरी ऐकू यायचं.

मी ठरवलं, बोलायचंच. चुकलं तर चुकलं. सिस्टर दिसली की मी छताकडे बोट दाखवून ‘पंखा’, सलाइनकडे दाखवून ‘बाटली’, असं सुरू करायचे. चुकले की ती सांगायची. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, “ब्रेक.” तिला काही कळलं नाही. मी आणखी मोठ्याने म्हणाले, “ब्रेक! ब्रेक! ब्रेक!” सगळा वॉर्ड वळला. आबांचा मुलगापण हसला.

नळी निघाली, वॉर्डात आणलं तेव्हा अक्का धुळ्याहून आल्या. माझं टक्कल बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. सवाशीण बाईचं डोकं असं बघायची त्यांना सवय नव्हती. मी म्हणाले, “अक्का, आता तेलाचा खर्च वाचला.” त्या आईकडे वळून म्हणाल्या, “डोकाले भोक पडनं, पन जीभ काय कमी व्हयनी नई!”

भाजीबाजार

घरी आल्यावर सगळ्यात जड काय गेलं असेल तर माणसं. गाठ काढली का? नाही. मग परत होणार? गाडीनेच झालं ना? बाईने कशाला हे धंदे करायचे? एक नातेवाईक तर दिलीपना माझ्यासमोर म्हणाले, “आता तिला घरात बसून काहीतरी द्या, पापड-बिपड.” मला पापड येत नाहीत. यायची इच्छाही नाही.

टाके निघाल्यावर मी दिलीपबरोबर भाजीबाजारात गेले. डोक्यावर पदर नाही, रुमाल नाही. कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि वर चकचकीत टक्कल. भाजीवाली माझ्याकडे बघे, मग दिलीपकडे बघे. तिला हिशेबच लागेना. शेवटी म्हणाली, “बाई, नवस फेडला का?”

“हो,” मी म्हणाले. “डॉक्टरचा.”

दिलीप तिथून निघाले. गाडी त्यांच्या दुकानात ठेवली असेल असं मी धरून चालले होते; घरी आल्यावर कळलं की त्यांनी माझी गाडी, क्लासची गाडी, साक्रीला त्यांच्या चुलतभावाकडे देऊन टाकली होती. मी दवाखान्यात असतानाच. मला न विचारता.

मी ओरडले नाही. शब्द अजून मोजूनच यायचे, ते वाया घालवायचे नव्हते. एवढंच विचारलं, “गाडी माझी होती ना?”

त्यांनी भाजी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, “तिथे कागदावर सही माझी घेतली त्यांनी. ऑपरेशनमध्ये काही झालं तर जबाबदार कोण, त्याच्यावर. माझा हात चालत नव्हता. मोटारीची बारीक तार गुंडाळतो मी, माझा हात कधी हलत नाही. त्या दिवशी सही वाकडी आली. परत नाही करणार मी अशी सही. तू काही पण म्हण.”

अँब्युलन्समध्ये ते मागे का वळले नव्हते ते मला त्या दिवशी कळलं. माझा राग विरघळला. पण गाडी माझीच होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एकीसाठी मी दुसरी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः साक्रीला फोन लावला. भाऊजी म्हणाले, “वहिनी, माले वाटनं तुमलेच नको शे.”

“मला हवी आहे,” मी म्हणाले. “आज चालवणार नाही. पण माझ्या दारात उभी पाहिजे.”

ते कांदा घेऊन बाजार समितीत येणार होते. त्याच पिकअपमध्ये, कांद्याच्या गोण्यांवर आडवी बांधून, माझी गाडी परत आली. अंगणात उभी राहिली. दिलीपनी तिच्यावर ताडपत्री टाकली. मी ती रोज सकाळी काढायचे, ते रोज रात्री टाकायचे.

कोणी विचारलं तर

दर काही दिवसांनी कोणाकडून तरी माझा नंबर घेऊन एखादी आई फोन करते. मुलाच्या डोक्यात अशीच पिशवी निघाली आहे, त्याला खेळू देऊ का, शाळेत पाठवू का? मी डॉक्टर नाही. पहिलं वाक्य हेच सांगते, आपल्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारा, कोणता खेळ, किती, हे तेच सांगतील. पण दुसरं वाक्य माझं असतं. त्याला काचेच्या कपाटात ठेवू नका. आणि मार लागला तर ‘काही नाही होत’ असंही म्हणू नका. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे. ती शोधायला मला एक अख्खं वर्ष लागलं. डोकं दुखतंय असं तो म्हणाला तर ऐका. कोणी ऊन म्हणेल, पित्त म्हणेल, नाटक म्हणेल. भांडा. बटण तुटेपर्यंत शर्ट धरा.

डॉक्टरांनी मला काय सांगितलं? काही महिने गाडी अजिबात नाही, कारण झटका यायची भीती असते. मी पाळलं. एक दिवसही मोडलं नाही. त्यांचं न ऐकणं म्हणजे हिंमत नव्हे. रक्त पातळ करणारं कोणतंही औषध विचारल्याशिवाय नाही. नंतरच्या फोटोत रक्त पूर्ण गेलेलं दिसलं, पिशवी होती तशीच. “आता?” मी विचारलं. “हेल्मेट घालून चालवा. शिकवाही. फक्त शिकणारीच्या मागे बसू नका,” ते म्हणाले. दिलीप शेजारीच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “डॉक्टरचं काय जातंय बोलायला.”

मधल्या काळात नसरीन आपांनी कोणाकोणाच्या गाड्या मागून स्वतःच स्वतःला शिकवलं. एक दिवस त्या आमच्या दारात गाडीवरूनच आल्या. मागे गणवेशांचा गठ्ठा, डोक्यावर हेल्मेट, त्याच्या खाली ओढणी नीट खोचलेली. उतरल्या आणि एक नवं हेल्मेट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “मॅडम, क्लास कधी चालू करता? मोहल्ल्यातल्या चार जणी थांबल्यात.”

अक्का म्हणाल्या, “पोरी, आते बस व्हयनं.”

दिलीप उठले आणि गाडीवर ताडपत्री टाकून आले.

जिना

हिवाळ्यातली गोष्ट. गच्चीवरून वाळलेल्या मिरच्या घेऊन मी खाली येत होते. आमचा जिना लोखंडी आहे. मधे पत्र्याचा कोपरा पुढे आलेला आहे, तिथे घरातले सगळेच वाकतात. मीही वीस वर्षं वाकत आले. त्या दिवशी नाही वाकले. डोकं असं आदळलं की मिरच्या सगळ्या अंगणभर झाल्या.

मी पायरीवर बसले. रक्त नव्हतं. आधी स्वतःची परीक्षा घेतली. नाव रेखा. गाव धुळे. ही मिरची. हा जिना. ती गाडी. मग दिलीपना फोन केला. “डोक्याला लागलंय. मी ठीक आहे. पण फोटो काढायचाय.”

ते आले. आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. स्कॅन होईपर्यंत बाकावर शेजारी बसून होते, हात गुडघ्यांमध्ये दाबून. मला वाटलं, आता संपलं. आता हे मला जिनाही चढू देणार नाहीत. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. आता शब्द पटापट यायचे.

डॉक्टरांनी फिल्म बघितली. “स्वच्छ आहे. काही नाही. तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा, तुम्हाला माहीतच आहे. आठवडाभर आराम करा.” मग चष्म्यावरून विचारलं, “परत गाडीवरून पडलात?”

“नाही,” दिलीपनी उत्तर दिलं. “घरातच. आमच्या जिन्यात.”

आम्ही बाहेर आलो. रिक्षा थांबलेल्या होत्या, पण दिलीप चालतच राहिले. मीही चालले. दवाखान्याच्या फाटकाशी ते थांबले, पण माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, “तो कोपरा मी उद्या कापून टाकतो.”

“बरं.”

“आठवडा आराम करायचा म्हणजे करायचा.”

“करते.”

एक ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत ते थांबले.

“आणि मग क्लास कितीला असतो तुझा?”

मी त्यांच्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

“साडेसहाला,” मी म्हणाले.

“मग गाडीत हवा भरून ठेवायला पाहिजे,” ते म्हणाले. “किती महिने झाले, टायर बसलेत.”